शॅमेलिऑनचे डोळे सुजले, मिटले की खोल गेले? लक्षणं, पहिले उपाय आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं, वाचा सविस्तर

दिवा : दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन झोपलेला नसतो, तो आजारी असतो. घरात हा सरडा असणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी त्याचा जीव वाचू शकतो. या प्राण्याला दिसलं नाही तर त्याला शिकार साधता येत नाही, शिकार नाही तर पोटात काही जात नाही, आणि पाणी-अन्न तुटलं की तो झपाट्याने खंगतो. मालकाला मात्र वाटत राहतं की 'जरा सुस्तावलाय, उद्या होईल बरा'.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. डोळा बिघडला म्हणजे दुखणं फक्त डोळ्यातच असेल असं नाही. पाणी कमी पडणं, जीवनसत्त्व 'अ' ची कमतरता, चुकीचा दिवा, तोंडातला संसर्ग अशा कितीतरी गोष्टी आधी डोळ्यात दिसतात. त्यामुळे मेडिकलमधून माणसाचे थेंब आणून टाकले की काम झालं, असं होत नाही. उलट काही थेंबांनी डोळा कायमचा जाऊ शकतो.

थोडक्यात महत्त्वाचं

- दिवसा एक किंवा दोन्ही डोळे वारंवार मिटत असतील तर ते दुखण्याचं लक्षण आहे.
- डोळे खोल गेले असतील तर आधी पाण्याचा विचार करा. सुजले असतील तर संसर्ग किंवा 'अ' जीवनसत्त्वाचा.
- पहिल्या दिवशी पाण्याचे तुषार, दिव्याची तपासणी आणि विश्रांती. २४ तासांत फरक नाही तर डॉक्टर.
- माणसाचे थेंब, हळद, मध, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका.
- रानातला घोयरा पाळणं गुन्हा आहे. सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आधी ओळखा : आपल्याकडे दिसतो तो सरडा कोणता?

दातिवली, बेतवडे, आगासन, म्हातार्डी, साबे या दिव्याच्या आसपासच्या गावांत कुंपणावर जो सरडा मान हलवताना दिसतो, तो साधा बागेतला सरडा. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण त्याच्यावरूनच आली असावी असं वाटावं इतका तो कुंपणावर दिसतो. विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, म्हणून 'लांबून रक्त शोषतो' अशी समजूत आहे. ती खोटी आहे. हा सरडा रंग थोडाफार बदलतो, पण तो शॅमेलिऑन नाही.

खरा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा, अगदी वेगळा. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, शेपूट गुंडाळलेली, चाल डुलत डुलत आणि संथ. पायाची बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जोडलेली, त्यामुळे तो फांदी पकडीत धरून चालतो. डोळे सुळक्यासारखे बाहेर आलेले आणि दोन्ही डोळे दोन दिशांना फिरतात. शेपटीसकट लांबी साधारण सव्वा फुटापर्यंत. भारतात गंगेच्या दक्षिणेकडचा भाग आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. तो विषारी नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पाळीव प्राण्यांच्या बाजारातून येणारे परदेशी शॅमेलिऑन. येमेन आणि सौदी अरेबियातला डोक्यावर तुरा असणारा व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा रंगीत पँथर शॅमेलिऑन हे त्यातले जास्त ओळखीचे. जगात शॅमेलिऑनच्या २०० हून अधिक जाती आहेत.

पाळता येतो का? कायदा काय सांगतो

आपल्याकडचा घोयरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. 'शेतात सापडला म्हणून मुलांसाठी आणला' हे कारण चालत नाही.

परदेशी शॅमेलिऑनचे नियमही आता कडक झालेत. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. त्यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम काढले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. नवीन प्राणी घेतल्यास ३० दिवसांत नोंद करायची असते. अर्ज 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. व्हेल्ड आणि पँथर हे दोन्ही या यादीत येतात.

कागदपत्रांचा आणि डोळ्याच्या दुखण्याचाही संबंध आहे. ज्याच्याकडे कागद नाहीत तो डॉक्टरकडे जायला घाबरतो, घरीच प्रयोग करत बसतो, आणि प्राणी हातचा जातो. म्हणून कागद आधी, प्राणी नंतर.

हा डोळा आपल्यासारखा नाही

शॅमेलिऑनच्या वरच्या-खालच्या पापण्या जोडलेल्या असतात. त्यांचा एक सुळका तयार होतो आणि मधोमध मोहरीएवढं भोक राहतं. त्यातून बाहुली दिसते. सुळका जवळपास पूर्ण गोलात फिरतो आणि एक डोळा पुढे तर दुसरा मागे असं एकाच वेळी बघता येतं. शिकार दिसली की दोन्ही डोळे तिच्यावर रोखले जातात, अंतराचा अंदाज घेतला जातो आणि मग जीभ सुटते. ती अंगापेक्षाही लांब जाऊ शकते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, डोळ्यात कचरा गेला तर तो बाहेर यायला वाट फक्त त्या छोट्या भोकाची. पापणीच्या आत कचरा किंवा पू अडकला की आतल्या आत साचत जातो. दोन, एक डोळा जरी बिघडला तरी नेम चुकायला लागतो. जीभ किड्याच्या बाजूला पडते. मालक म्हणतो 'खायला कंटाळा करतोय', खरं तर त्याला नीट दिसत नसतं.

घाबरू नका, हे नेहमीचं आहे

कधीतरी डोळा एकदम फुगतो, गोल गोल फिरतो, सरडा तो फांदीवर घासतो आणि थोड्या वेळात डोळा पूर्ववत होतो. ही त्याची डोळा साफ करायची पद्धत आहे. कात टाकताना असं जास्त होतं. रात्री अंधारात डोळे मिटणं ही तर झोपच.

काळजी कधी करायची? तेच तेच दिवसभर चाललं असेल, फुगलेला डोळा काही तासांत उतरला नसेल, किंवा दिवा चालू असताना डोळे मिटले जात असतील तर.

लक्षण बघा, कारणाचा अंदाज घ्या

*दोन्ही डोळे खोल गेलेत :* बहुतेक वेळा पाणी कमी पडतंय. विष्ठेकडे बघा. तिच्यासोबत येणारा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी झाला असेल तर शंका पक्की. जुनाट आजारात, अशक्तपणातही डोळे खोल जातात.

*पापण्या सुजल्यात, चिकटल्यात, कात नीट निघत नाही :* 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. जीभ किड्याला चिकटत नसेल तर शंका आणखी वाढते.

*एकच डोळा मिटलेला, सतत घासतो :* कचरा, कातीचा तुकडा, ओरखडा किंवा काटा.

*डोळ्याभोवती किंवा खाली टणक गाठ :* आत पू साचलेला असू शकतो. त्याचं मूळ तोंडातही असतं.

*दिवा नवीन लावला आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही डोळे मिटले :* दिव्याचे अतिनील किरण जास्त होतायत.

*बुबुळावर पांढुरका डाग किंवा धुरकटपणा :* जखम किंवा व्रण. वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

कारणं आणि त्यामागचं गणित

१. पाणी : शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावर ठिबकणारे, चमकणारे थेंब तो चाटतो. त्यामुळे पिंजऱ्यात वाटी भरून ठेवली तरी प्राणी तहानलेलाच राहू शकतो. डोळा धुवायलाही पाणी लागतं, अंगात पाणी नसेल तर डोळा कोरडा पडतो आणि कचरा आतच राहतो.

आपल्याकडे मार्च ते मे हा धोक्याचा काळ. पत्र्याच्या छताखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. वरून पिंजऱ्यात दिवाही चालू. सरडा फिका पडला, तोंड उघडं ठेवून बसला तर तो तापलाय असं समजा आणि लगेच थंड जागी न्या.

२. 'अ' जीवनसत्त्व : रानात हा सरडा तऱ्हेतऱ्हेचे किडे खातो आणि ते किडे तऱ्हेतऱ्हेचा पाला खाऊन आलेले असतात. घरात मात्र महिनोन् महिने एकाच प्रकारचे, उपाशी किडे मिळतात. मग 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. ते कमी पडलं की डोळ्याच्या आतलं ओलसर अस्तर जाड आणि कोरडं होतं, ग्रंथी तुंबतात, पापण्या सुजतात आणि मग जंतूंना वाट मिळते. अशा वेळी नुसते थेंब टाकून उपयोग नाही, मूळ कमतरता भरावी लागते.

पण इथेच मोठी चूक होते. सरकारी दवाखान्यात लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचं जे औषध पाजतात, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिट असतात. म्हणजे एका थेंबात सुमारे पाच हजार युनिट. शॅमेलिऑनचं वजन असतं शंभर-दीडशे ग्रॅम. त्याला हा थेंब म्हणजे कितीतरी पटीने जास्त डोस झाला. 'अ' जीवनसत्त्व अंगात साठून राहतं आणि जास्त झालं की कातडी सोलून निघण्यापर्यंत वेळ येते. म्हणून डोस फक्त डॉक्टरने, प्राण्याचं वजन करून ठरवायचा.

३. दिवा : हाडांसाठी आणि कॅल्शियम पचवण्यासाठी शॅमेलिऑनला अतिनील 'ब' किरण लागतात. उन्हातून ते मिळतात, पण खिडकीची काच हे किरण अडवते. काचेआड ठेवून 'ऊन लागतंय' असं समजू नका. त्यामुळे खास दिवा लावतात. तो फार जवळ लावला किंवा गरजेपेक्षा जास्त ताकदीचा घेतला तर वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर आपले डोळे येतात तसं त्याचं होतं. डोळे लाल, सुजलेले, मिटलेले. दिवा किती अंतरावर हवा हे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. जंतू मारण्यासाठी वापरतात ते अतिनील दिवे तर अजिबात लावू नका.

४. संसर्ग : सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो पनीरसारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही. त्यामुळे सुजलेल्या डोळ्यातला पू डॉक्टरलाच काढावा लागतो. दाबून काढायला गेलात तर डोळा फुटू शकतो. पावसाळ्यात पिंजरा दिवसरात्र ओला राहिला, हवा खेळली नाही, विष्ठा साफ झाली नाही की जंतू आणि बुरशी वाढते. ओलावा हवा, पण मधल्या वेळात पिंजरा सुकलाही पाहिजे.

५. कचरा, धूर, इजा : लाकडाचा भुसा, माती, बांधकामाची धूळ, डासांच्या कॉईलचा धूर, अगरबत्ती, फवारणी हे सगळं डोळ्याला त्रासदायक. पिंजऱ्यात सोडलेले जादा किडे रात्री सरड्यालाच चावतात, डोळ्याजवळही. घरात मांजर असेल तर तिच्या नखाचा ओरखडा साधा समजू नका, त्यातून संसर्ग लवकर होतो.

पहिले २४ तास : घरी काय करायचं

१. दिवा तपासा. नवीन असेल, जवळ असेल तर अतिनील दिवा एक दिवस बंद ठेवा. उब देणारा साधा दिवा चालू राहू द्या, कारण थंडावलेल्या शरीराला रोगाशी लढता येत नाही.

२. तुषार द्या. स्वच्छ, कोमट पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा आणि पानांवर बारीक तुषार मारा. घाईत दोन फवारे नाहीत, सलग काही मिनिटं. पाणी पडायला लागलं की बरेच शॅमेलिऑन स्वतःच डोळे फुगवून धुतात. सरळ तोंडावर जोराचा फवारा मारू नका.

३. मोरीतली अंघोळ. कुंडीतलं एखादं बिनविषारी झाड, जास्वंद चालेल, मोरीत ठेवा आणि सरडा त्यावर बसवा. शॉवरचं कोमट पाणी भिंतीवर आपटून त्याचे उडणारे तुषार झाडावर पडतील असं बघा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. तिथून हलू नका, गरम-थंड पाणी अचानक बदलतं.

४. ठिबक लावा. प्लास्टिकच्या बाटलीला बारीक भोक पाडून पिंजऱ्यावर टांगा, थेंब पानावर पडू द्या. खाली भांडं ठेवा.

५. सलाईन. मेडिकलमध्ये मिळणारं निर्जंतुक ०.९ टक्के सलाईन कोमट करून एक-दोन थेंब डोळ्यावर सोडता येतात. फक्त वरचा कचरा निघावा यासाठी. डोळा उघडायची जबरदस्ती नको.

६. फोटो आणि नोंद. मोबाईलवर दोन्ही डोळ्यांचे, विष्ठेचे आणि पिंजऱ्याचे फोटो काढा. शेवटचं कधी खाल्लं, दिवा कधी बदलला, कोणती पावडर देता, हे लिहून ठेवा. डॉक्टरला याचा फार उपयोग होतो.

७. हात कमी लावा. हा प्राणी माणसाळणारा नाही. सारखं उचलल्याने तो ताणाखाली येतो आणि आजार बळावतो.

हे अजिबात करू नका

- माणसाचे डोळ्याचे थेंब टाकू नका. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. डोळ्यात व्रण असताना हे पडलं तर व्रण खोल जातो आणि डोळा फुटू शकतो.
- हळद, मध, दूध, गुलाबपाणी, तुरटी, कडुनिंबाचा रस, काजळ, तेल काहीही नको.
- टाचणी, चिमटा, कापसाची काडी आत घालू नका.
- तोंड जबरदस्तीने उघडून भरवू नका. जबडा आणि जीभ दोन्ही नाजूक असतात, आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.
- 'मागच्या वेळी ज्याने बरा झाला तेच औषध' हा हिशेब लावू नका. लक्षण सारखं असलं तरी कारण वेगळं असू शकतं.

डॉक्टरकडे कधी?

२४ तासांत डोळा उघडला नाही, तर लगेच. पण पुढीलपैकी काही दिसलं तर २४ तासही थांबू नका : बुबुळावर डाग, रक्त, टणक सूज, दोन्ही डोळे एकदम बंद, तोंडात पिवळट पू, तोंड उघडं ठेवून श्वास, फांदीवरून खाली पडणं.

सगळ्या पशुवैद्यकांना सरड्यांची सवय असेलच असं नाही. गाई-म्हशी, कुत्रे बघणाऱ्या डॉक्टरला फोन करून आधी विचारा, 'सरपटणारे प्राणी बघता का?' मुंबईत परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १८८६ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशु रुग्णालय ही जुनी आणि मोठी ठिकाणं. जाण्याआधी फोन करून वेळ आणि संबंधित डॉक्टर आहेत का ते विचारून घ्या. दिव्याहून धीम्या लोकलने थेट परळला उतरता येतं. मात्र सकाळच्या गर्दीत हा प्राणी नेऊ नका. दिव्यातली सकाळची गर्दी माणसालाच सोसत नाही, तिथे खोक्याचं काय होणार? गर्दी ओसरल्यावर निघा.

नेताना भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, आत धरायला एक फांदी घट्ट बसवा, खाली ओलसर कापड. खोकं बंद आणि आत अंधार असेल तर सरडा शांत राहतो. उन्हात किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका.

डॉक्टर काय करतात?

आधी वजन, तोंड आणि जिभेची तपासणी. डोळ्यात एक रंगीत द्रव टाकून बघतात, व्रण असेल तर तो त्यात चमकतो. सलाईनने डोळा आतून धुतात. पू घट्ट झाला असेल तर भूल देऊन काढतात. गरज पडली तर पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणतं प्रतिजैविक लागू पडेल ते तपासतात. विष्ठेत जंत आहेत का तेही बघतात. उपचारात प्रतिजैविक थेंब किंवा इंजेक्शन, अंगात पाणी भरणं आणि लागलंच तर मोजून 'अ' जीवनसत्त्व.

औषध सांगितलेले सगळे दिवस द्या. सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर सावकाश चालतं, बरं व्हायलाही वेळ लागतो. दोन दिवसांत डोळा उघडला म्हणून औषध बंद केलं की दुखणं परत येतं, आणि या वेळी ते जास्त हट्टी असतं.

बरा होताना खाणंपिणं

दिसत नसलेल्या सरड्याला हलती शिकार पकडता येत नाही. डॉक्टरने सांगितलं तर चिमट्याने किडा तोंडाजवळ धरून बघा. मऊ किडे आधी. खात नसेल तर नळीने भरवायचं की नाही हा निर्णय डॉक्टरचा.

किड्यांना सरड्याला देण्याआधी एक दिवस चांगलं खाऊ घाला : गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या. किड्याच्या पोटात गेलेलं सरड्याच्या पोटात जातं. कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पावडर डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात किड्यांवर भुरभुरवा. घरातली झुरळं, फवारणी झालेल्या भातशेतातले नाकतोडे देऊ नका, विष आधी किड्यात आणि मग सरड्यात जातं.

रोजची दोन मिनिटं

सकाळी दिवा लागल्यावर बघा : दोन्ही डोळे उघडे आहेत का? सारखेच बाहेर आलेले आहेत का? दोन्ही फिरतायत का? किडा सोडल्यावर नेम बरोबर लागतोय का? आठवड्यातून एकदा वजन. अतिनील दिवा वरून चालू दिसत असला तरी त्याचे किरण कालांतराने कमी होतात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक दिव्यांच्या बाबतीत सहा महिने ते वर्षभरात, तो बदला. लावल्याची तारीख दिव्यावरच लिहून ठेवा.

रानात आजारी घोयरा दिसला तर?

घरी आणू नका, औषध टाकू नका, दगड तर मुळीच मारू नका. रस्त्यावर असेल तर काठीवर चढू द्या आणि बाजूच्या झाडावर ठेवा. डोळा फुटलेला, जखमी किंवा हालचाल न करणारा असेल तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत त्याला हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवा. १९६२ हा क्रमांक गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्याचा आहे, वन्यजीवासाठी १९२६.

वाचकांना पडणारे प्रश्न

*डोळा आल्यावर माणसाला होतो तसा हा आजार घरात पसरतो का?*
डोळ्याचा संसर्ग सहसा सरड्यापुरता राहतो. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, त्याने माणसाला जुलाब-ताप होतो. हात लावल्यावर साबणाने धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना लांब ठेवा. पिंजरा स्वयंपाकघरात धुवू नका.

*एका डोळ्याने आंधळा झाला तर जगतो का?*
जगू शकतो. नेम चुकतो, त्यामुळे किडे एका भांड्यात, नेहमीच्या जागी द्यावे लागतात. दोन्ही डोळे गेले तर रोज हाताने भरवावं लागतं आणि ते सगळ्यांना जमत नाही.

*पाळता येत नसेल तर बाहेर सोडून देऊ का?*
परदेशी शॅमेलिऑन बाहेर सोडणं चुकीचं आहे. तो बहुतेक वेळा मरतो, आणि जगलाच तर इथल्या जीवांना धोका. वन विभागाशी बोला.

*नवीन घेताना काय बघायचं?*
दिवसा डोळे उघडे आणि फिरते आहेत का, तोच पहिला प्रश्न. मिटलेल्या डोळ्यांचा प्राणी 'प्रवासाने थकलाय' म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. आणि नोंदणीचे कागद हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.